न मिळालेल्या कडीची कविता

नवी रायफल हातात आली की जाणता माणूस आधी बोल्ट मागे ओढतो. चेंबर रिकामं आहे याची खात्री करतो, मग ते उजेडाकडे धरून आत डोकावतो: भिंती गुळगुळीत आहेत ना, कुठे ओरखडा, गंज, कारखान्यातलं साचलेलं ग्रीस तर नाही? या रुक्ष तपासणीतून कविता निघेल असं कुणी म्हणालं असतं तर हसू आलं असतं. हेन्री रीडनं ती काढली. ‘नेमिंग ऑफ पार्ट्स’ ही तीस ओळींची कविता ‘न्यू स्टेट्समन अँड नेशन’ या लंडनच्या साप्ताहिकात 8 ऑगस्ट 1942 ला छापून आली. आपल्याकडे ती तारीख गोवालिया टँकच्या ‘छोडो भारत’ ठरावामुळे लक्षात आहे.

रीड बर्मिंगहॅमचा, जन्म 1914 चा. 1941 मध्ये सक्तीच्या भरतीत तो फौजेत गेला आणि पुढच्याच वर्षी ब्लेचली पार्कला, सांकेतिक संदेश उलगडण्याच्या कामावर. प्रत्यक्ष आघाडी त्यानं पाहिली नाही; पाहिला तो रंगरुटांचा वर्ग. शिकवणाऱ्या उस्तादाच्या नकला करून तो मित्रांना हसवत असे, आणि ही कविता त्या नकलांतून आली आहे. तिला नकलाकाराचा कान आहे.

सहा ओळींची पाच कडवी. पहिल्या चार कडव्यांत सुरुवातीला उस्ताद बोलतो आणि चौथ्या ओळीच्या मध्यावर कुठेतरी रंगरुटाचं मन शेजारच्या बागेत उतरतं. मध्ये अवतरणचिन्ह नाही, ‘तो म्हणाला’ नाही, नवी ओळसुद्धा नाही. एक वाक्य संपतं, त्याच ओळीत दुसऱ्याच माणसाचं वाक्य सुरू होतं. वर्गात लक्ष उडतं ते असंच. तास संपण्याची वाट न बघता, शिक्षकाच्या एका वाक्यानंतर.

पहिल्या कडव्यातलं वेळापत्रक नीट बघा. काल रायफलीची साफसफाई झाली. उद्या सकाळी, गोळीबारानंतर काय करायचं ते शिकवणार. आज भागांची नावं. मग गोळीबार कधी? त्याला या वेळापत्रकात दिवसच नाही. कवितेत ज्यांची नावं येतात त्या भागांची यादी केली तर आणखी गंमत कळते. सेफ्टी कॅच आहे, बोल्ट आहे, पट्टा अडकवायच्या कड्या आहेत. ट्रिगर नाही. मॅगझिन नाही, नळी नाही आणि गोळी तर नाहीच. माणूस मारण्याच्या हत्याराचा अख्खा तास होतो, त्यात मारण्याचा उल्लेख येत नाही. युद्धावरच्या पुष्कळ कविता रक्तानं भिजलेल्या असतात. रीडनं थेंबही सांडू दिला नाही, आणि मला ही कविता त्यांतल्या बहुतेकींपेक्षा जास्त धास्तावणारी वाटते.

दुसरं कडवं हे कवितेचं वर्म. उस्ताद पट्ट्याची खालची कडी दाखवतो, वरची दाखवतो; त्यांचा उपयोग पट्टे मिळाल्यावर कळेल म्हणतो, म्हणजे पट्टेही अजून मिळालेले नाहीत. मग तो आणखी एका कडीचं नाव घेतो. तीन रायफली एकमेकींत अडकवून जमिनीवर उभ्या करायच्या, त्यासाठी असणारी कडी. तुमच्या रायफलीला ती नाही, असं तो त्याच दमात सांगून टाकतो. पाठ ठरलेला आहे, वस्तू असो वा नसो. रंगरुटाचं लक्ष तेवढ्यात बागेतल्या फांद्यांकडे गेलेलं असतं. त्या न बोलता किती काही सांगताहेत, असं त्याला वाटतं, आणि उस्तादाचंच वाक्य तो आपल्या उणिवेला लावतो. फक्त ‘तुमच्या’चं ‘आमच्या’ होतं. कोठारात शिल्लक नसलेली एक कडी तेवढ्यानं माणसाच्या आत जाऊन बसते. कवितेत याहून स्वस्तात याहून मोठं काम झालेलं मी फारसं पाहिलेलं नाही.

तिसऱ्या कडव्यात सेफ्टी कॅच अंगठ्यानं सोडायचा, बोट वापरायचं नाही अशी तंबी आहे. विनोद इथे जरा ओढल्यासारखा वाटतो.

चौथ्यात मात्र बोल्ट येतो. ब्रिटिश फौजेची रायफल तेव्हा ली-एनफिल्ड, आपल्या पोलिसांनी आणि एनसीसीनं पुढे कित्येक वर्षं वापरलेली ती थ्री नॉट थ्री. तिच्या बोल्टची मूठ वर उचलून मागे ओढली की चेंबरचं मागचं तोंड, म्हणजे ब्रीच, उघडं पडतं. पुढे ढकलताना शेवटी हाताला जोर लागतो, कारण ही रायफल बोल्ट बंद होताना कॉक होते; आतली स्प्रिंग तेव्हा दाबली जाते. तपासणीच्या वेळी बोल्ट भराभर मागेपुढे करायचा, म्हणजे एखादी गोळी राहिली असेल तर उडून बाहेर पडते. मग बोल्ट बंद करून ट्रिगर दाबायचा, स्प्रिंग सैल. उस्ताद यातला मागेपुढेपणा दाखवतो, स्प्रिंग सैल करणं म्हणतात तेही सांगतो, आणि बोल्टचं काम ब्रीच उघडणं एवढंच म्हणून थांबतो. उघडलेल्या ब्रीचमध्ये काय बघायचं, ते सांगत नाही.

तिथे बघायला रंगरूट थांबतही नाही. त्याला मधमाश्या दिसतात, बोल्टसारख्याच मागेपुढे, फुलांवर तुटून पडणाऱ्या. इंग्रजीत स्प्रिंग म्हणजे वसंतही; रीडनं दुसऱ्या वेळी पहिलं अक्षर मोठं केलं, बस्स. कानाला हा श्लेष कळतो, पण वळण नेमकं कुठे घेतलं ते कागदावरच दिसतं. माश्यांसाठी त्यानं निवडलेलं क्रियापद हल्ल्याचं आहे, हे विसरू नये. ‘युद्ध वाईट, निसर्ग निर्मळ’ असा या कवितेचा सोपा अर्थ वर्गात सांगितला जातो; हे क्रियापद तो टिकू देत नाही. बागेतही झटापट चालली आहे, फक्त ती जन्माकडे जाणारी. ही कविता ज्या मालिकेतली आहे, तिच्या आरंभी रीडनं लॅटिन कवी होरेसच्या ओळी घेतल्या आहेत आणि त्यांत एकच अक्षर बदलून मुलींच्या जागी लढाया आणल्या आहेत. त्यावरून कवितेत कशाची उणीव आहे ते ओळखावं.

पाचव्या कडव्यात उस्तादाचा वेगळा आवाज उरत नाही. त्याचे शब्द आणि रंगरुटाचे शब्द एकमेकांत कालवले आहेत. एक बारीक जागा इथे आहे. ‘सहज’ या अर्थाचा शब्द उस्तादानं तिसऱ्या कडव्यात व्याकरण चुकवून वापरला होता. तोच शब्द इथे व्याकरणाला धरून परत येतो. नक्कल करणाऱ्यानं नक्कल सोडून आपलं बोलणं सुरू केल्याची ती खूण. मग भागांची घाईघाईची उजळणी होते आणि तिच्या टोकाला रायफलीचा तोल जिथे साधतो ती जागा येते. तीही आमच्याकडे नाही.

‘लेसन्स ऑफ द वॉर’ या मालिकेत रीडनं पुढे आणखी कविता लिहिल्या. अंतराचा अंदाज घ्यायला शिकवणारी ‘जजिंग डिस्टन्सेस’ हिच्या जवळ पोचते, बाकीच्या नाहीत. ‘अ मॅप ऑफ व्हेरोना’ हा त्याचा 1946 चा संग्रह मिळाला तर ही कविता दोघांनी मिळून मोठ्यानं वाचा, एकानं उस्तादाचा आवाज घ्यावा, दुसऱ्यानं रंगरुटाचा. चार कडवी बिनबोभाट वाटली जातील. पाचव्यातली कुठली ओळ कुणाची, यावर भांडण होईल.