विस्मरण कोणाचे? ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ आणि ज्येष्ठ कलावंतांचे पुनरागमन

प्रस्तावना

ज्येष्ठ कलावंत दीर्घ काळानंतर पुन्हा प्रकाशात येतो, तेव्हा त्या घटनेस ‘पुनरुज्जीवन’ म्हणण्याचा प्रघात आहे. या संज्ञेत एक गृहीतक दडलेले आहे. ते असे की, कलावंताची कला लोपली होती आणि चाहत्यांच्या प्रेमाने तिला नवे जीवन दिले. क्यूबातील ‘बुएना व्हिस्टा सोशल क्लब’ या ध्वनिमुद्रिकेच्या आधारे या गृहीतकाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

मार्च १९९६ मध्ये हवाना येथे या ध्वनिमुद्रिकेचे काम झाले. आफ्रिकेतील माली या देशाचे वादक आणि क्यूबन वादक यांना एकत्र आणण्याची मूळ योजना होती. परंतु मालीचे वादक येऊ शकले नाहीत. तेव्हा ब्रिटिश निर्माते निक गोल्ड, अमेरिकन गिटारवादक राय कूडर आणि क्यूबन संगीतकार हुआन द मार्कोस गोन्झालेस यांनी प्रामुख्याने जुन्या पिढीतील गायक-वादकांना घेऊन काम पूर्ण केले. १९९७ मध्ये ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली, १९९८ मध्ये तिला ग्रॅमी पुरस्कार लाभला आणि १९९९ मध्ये विम वेंडर्स यांच्या माहितीपटाने या कलावंतांना जगभर पोहोचविले.

विवेचन

या समूहातील कलावंतांचे पूर्वायुष्य एकसारखे नव्हते. गायक इब्राहिम फेरेर (१९२७-२००५) यांना तरुणपणी द्रुत लयीच्या गाण्यांपुरते मर्यादित ठेवण्यात आले. बोलेरो हा संथ, भावप्रधान प्रकार गाण्याची त्यांची इच्छा दीर्घकाळ अपुरी राहिली. ती संधी त्यांना सत्तरीच्या उंबरठ्यावर मिळाली. अशा वेळी त्यांच्या बोलेरोगायनास पुनरुज्जीवन कसे म्हणता येईल? ते तर विलंबाने मिळालेले न्यायदान होय. पियानोवादक रुबेन गोन्झालेस (१९१९-२००३) निवृत्त झाले होते. मात्र १९४० च्या दशकात आर्सेनिओ रॉड्रिगेझ यांच्या वाद्यवृंदातून क्यूबन नृत्यसंगीतातील पियानोची भाषा घडविणाऱ्यांपैकी ते एक होते. ओमारा पोर्तुओन्दो यांच्या बाबतीत तर ‘विस्मृत’ हा शब्दच गैरलागू ठरतो. १९५० च्या दशकापासून त्या मायदेशी सातत्याने गात होत्या.

तथापि, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या गोन्झालेस यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या शीर्षकाचा आरंभ ‘परिचय करून देत आहोत’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दाने होतो. फेरेर यांना २००० मध्ये, वयाच्या ७३ व्या वर्षी, लॅटिन ग्रॅमीचा सर्वोत्कृष्ट नवोदित कलावंताचा पुरस्कार मिळाला. येथे कलावंताचे आयुष्य श्रोत्याच्या परिचयाच्या तारखेपासून मोजले गेले, हे उघड आहे.

हाच दृष्टिदोष आस्वादातही उतरतो. काँपाय सेगुंदो (१९०७-२००३) यांचे ‘चान चान’ हे गीत परदेशी चाहत्यांना क्रांतिपूर्व हवानाची आठवण वाटते. प्रत्यक्षात ती १९८० च्या दशकातील रचना आहे. वृद्ध कलावंत केवळ स्मरणावर जगत नाही, तो नवनिर्मितीही करतो, ही बाब स्मरणरंजनाच्या भरात नजरेआड होते. हुआन द मार्कोस यांच्या ‘सिएरा माएस्त्रा’ या समूहाने १९७० च्या दशकापासूनच पारंपरिक ‘सोन’ संगीत तरुणांपर्यंत नेले होते. १९९० च्या दशकात क्यूबातील तरुण पिढी ‘टिंबा’ या नव्या संगीतावर नाचत होती, तेही जागतिक कौतुकाच्या परिघाबाहेर राहिले.

अर्थात चाहत्यांचे योगदान नाकारणे अन्यायाचे ठरेल. त्यांच्याच आस्थेमुळे या कलावंतांना उत्तरायुष्यात व्यासपीठ, मानधन आणि सन्मान मिळाला. फेरेर अखेरपर्यंत ज्या बोलेरोसंग्रहावर काम करीत होते, तो त्यांच्या मृत्यूनंतर का होईना, प्रकाशित झाला. आक्षेप प्रेमावर नाही. प्रेमाने स्वतःकडे घेतलेल्या श्रेयावर आहे.

निष्कर्ष

‘बुएना व्हिस्टा’च्या उदाहरणावरून असे म्हणता येते की, पुनरागमनात बदल घडतो तो मुख्यतः श्रोत्याच्या जाणिवेत. कलावंताच्या वयाचे कौतुक करणे सोपे असते. त्याच्या स्वराची, लयीची आणि निवडीची पारख करणे कठीण. पहिल्यात दयेचा अंश असतो, दुसऱ्यात आदर असतो. चाहता आणि रसिक यांतील अंतर हेच होय. ज्येष्ठ कलावंतास खरी दाद द्यावयाची, तर त्याच्या पुनरागमनाबरोबरच मधल्या वर्षांतील आपल्या अनुपस्थितीचाही विचार रसिकाने केला पाहिजे.