कोहळा फुटतो कुणाच्या नावानं?

दरसाल नवरात्र आलं की पेपरच्या पुरवणीत एक लेख हमखास येतो. मथळा ठरलेला : अमक्या सणाचा आध्यात्मिक अर्थ. लिहिणारा बदलतो, अर्थ बदलत नाही. असुर म्हंजे आपल्यातला अहंकार. देवी म्हंजे आत्मशक्ती. सण म्हंजे अंधारावर प्रकाशाचा विजय. झालं, लेख संपला. पेपर रद्दीत, अहंकार जाग्यावर.

या अर्थाला माझी हरकत आहे. ती हवेत नको, आपल्याच गावच्या सणावरून मांडतो.

आश्विनातल्या पंचमीला अंबाबाईची पालखी देवळातून निघते आणि टेंबलाईच्या टेकडीवर त्र्यंबोलीच्या भेटीला जाते. तिथं कुमारिकेच्या हातून त्रिशूळानं कोहळा फोडतात. कोहळा म्हंजे असुराचं डोकं, अशी समजूत. तो फुटला की तुकड्यासाठी एकच झोंबाझोंबी. माणसं एकमेकांच्या अंगावर पडतात, हसतात, धोतरं फाटतात. हा आनंद खोटा आहे असं मी म्हणणार नाही. गर्दीत घुसून मीही लहानपणी एक तुकडा मिळवलाय.

आता कथा बघा. करवीर माहात्म्याच्या आधारानं सांगतात ती अशी. देवीनं कोल्हासुराला मारलं. मरताना त्यानं मागणं मागितलं, या नगराला माझं नाव राहू दे. देवी हो म्हणाली. पुढं त्याच्या पोरानं योगदंडाच्या जोरावर देवांची शेळ्यामेंढ्या करून टाकली. तेव्हा त्र्यंबोली धावून आली, दंड काढून घेतला, त्याला संपवलं, देव सोडवले. मग विजयाचा सोहळा झाला. सगळ्यांना आवतण गेलं. त्र्यंबोलीचं तेवढं राहून गेलं. ती रुसली आणि गावाबाहेर टेकडीवर पाठ फिरवून बसली. शेवटी अंबाबाईला लवाजमा घेऊन स्वतः टेकडी चढावी लागली.

गावाचं नाव खरोखर कशावरून पडलं हा वाद इतिहासवाल्यांचा. मी कथा कथा म्हणूनच वाचतोय. आणि कथा म्हणून वाचली तर पुरवणीतल्या अर्थाला तिच्यातल्या दोन गोष्टी पचत नाहीत.

पहिली गोष्ट, नाव. असुर म्हंजे नुस्ता अहंकार असेल, तर त्या अहंकाराचं नाव अख्ख्या शहराला कसं दिलं? दुर्गुणाची आठवण कोण पाटीवर लिहून ठेवतं? ज्याला मारलं त्याचं गाव होतं, एवढी कबुली कथेनंच दिलीय. अर्थ सांगणाऱ्यानं ती हळूच पुसली.

दुसरी गोष्ट, आवतण. लढायला जी पुढं होती, जेवणाच्या यादीत तीच नव्हती. सणाचं कारण काय, तर हा विसर. पालखी निघते ती विजय मिरवायला नव्हे, चूक निस्तरायला. पण याचा आध्यात्मिक अर्थ मी अजून कुठं वाचला नाही. कारण तो काढला की पुढचा प्रश्न येतो : या गावात आणखी कुणाकुणाचं आवतण राहिलंय? विहिरीवर कोण नव्हतं, पंगतीत कोण नव्हतं?

आता आपल्या लोकांबद्दल. आपले कवी काय करतात? कथा उलटी करतात. असुर म्हंजे आम्ही, कोल्हासुर आमचा राजा, संपली कविता. टाळ्या मिळतात. पण ही फुल्यांची उसनवारी आहे. जोतीरावांनी 1873 साली 'गुलामगिरी'त दशावतार उलटे वाचले, बळीराजा आपला म्हणून सांगितला. पण त्याच्या आधी 1848 पासून हा माणूस पुण्यात शाळा काढून बसला होता. आधी काम, मग अर्थ. आपण नुस्ता अर्थ उचलला. कोल्हासुर आपला होता याचा पुरावा ना त्यांच्याकडं, ना आपल्याकडं. आंधळेपणानं उलटं वाचणं हे आंधळेपणानं सुलटं वाचण्याचंच भावंड.

मग सणाचा अर्थ ठरतो कशानं? मला वाटतं, करण्यानं. दोन दाखले देतो.

याच कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी शाहू महाराजांच्या मदतीनं चहाचं हॉटेल काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? महाराज स्वतः तिथं थांबले, चहा प्यायले, बरोबरच्यांनाही पाजला. टेकडी चढणं म्हंजे काय ते त्या एका कपात आहे. त्यावर कुणी पुरवणी काढायची गरज नव्हती.

दुसरा दाखला 14 ऑक्टोबर 1956 चा. दिवस दसऱ्याचा, जागा नागपूर. बाबासाहेबांनी दसऱ्याचा नवा आध्यात्मिक अर्थ सांगत बसण्यापेक्षा लाखो माणसांना बरोबर घेऊन धर्मच बदलला. जुने देव मानणार नाही अशी प्रतिज्ञा दिली. इथं कुणाची पालखी यायची वाट बघितली नाही. रुसून टेकडीवर बसणं हा त्र्यंबोलीचा मार्ग. आपला मार्ग चालत निघण्याचा.

तरी एक गाठ सुटत नाही, ती लपवत नाही. मी तो कोहळ्याचा तुकडा घरी आणला होता. आज्जी हरखली, आईला म्हणाली, "भाजीत घाल गं, वरसाचा परसाद हाय." दादा बाबासाहेबांच्या फोटोखाली बसले होते. म्हणाले, "हे आपल्या घरात नको." आई तुकडा हातात धरून उभी. कुणीच बोलेना. शेवटी तो तिनं काय केला, मला आठवत नाही.

आध्यात्मिक अर्थ लिहिणाऱ्यांनी या उभ्या राहिलेल्या बाईचा अर्थ सांगावा. उलटी कविता लिहिणाऱ्यांनीही सांगावा. एकानं तिला दिवा दाखवलाय, दुसऱ्यानं झेंडा. तिच्या हातातलं ओझं घ्यायला अजून कुणी पुढं आलेलं नाही. त्यात मीही आलो.