सहा मीटरचा आकडा आणि रिकामा नकाशा

ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा वापरणारे काही शोधप्रस्ताव वाचा. ‘अचूकता’ या मथळ्याखाली बरेचदा एकच वाक्य सापडतं: हा डेटा साधारण सहा मीटरच्या आत बरोबर असतो, हाकले, २०१०. संपलं. माझी तक्रार या वाक्याबद्दल आहेच, पण त्याहून जास्त ती आपल्या फील्डवर्कच्या प्रशिक्षणाबद्दल आहे.

आधी मूळ निबंध बघू. मुकी हाकले यांनी लोकांनी मिळून काढलेला नकाशा ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेच्या नकाशाशी ताडून पाहिला. जागेतला फरक सरासरी सुमारे ६ मीटर निघाला. हे खरंच. पण त्याच निबंधाच्या सारांशात आणखी एक आकडा आहे, जो कुणी उचलत नाही: चार वर्षांत इंग्लंडचा फक्त २९ टक्के भूभाग नकाशावर आला होता. आणि गरीब वस्त्यांमध्ये काम कमी झालं होतं, हेही हाकले दाखवतात. म्हणजे सहा मीटर ही जे काढलं गेलं त्याची अचूकता. जे काढलंच नाही त्याबद्दल तो आकडा गप्प आहे. शिवाय तो इंग्लंडमधल्या रस्त्यांचा आहे, तुमच्या तालुक्यातल्या पाड्यांचा नाही. आपल्याकडे कितीतरी रेषा उपग्रहचित्रावरून घरबसल्या गिरवलेल्या असतात. झाडीखालची पायवाट त्या चित्रात दिसत नाही, आणि वाडीचं नाव तर कुठल्याच चित्रात नसतं. त्यासाठी तिथे जाऊन कुणालातरी विचारावंच लागतं.

आता आपलं प्रशिक्षण. दोन-तीन दिवसांची सहल, हातात जीपीएस नाहीतर फोन, ठरलेले पॉइंट घ्यायचे, संध्याकाळी क्यूजीआयएसमध्ये टाकायचे, झाला रिपोर्ट! तक्त्यात अक्षांश सात दशांश स्थळांपर्यंत. सातवं स्थळ म्हणजे जमिनीवर जेमतेम एक सेंटीमीटर. फोन मोकळ्या आकाशाखालीसुद्धा काही मीटर चुकतो. व्हायव्हात हे कुणी विचारत नाही. (विचारलं तर निम्मा वर्ग खाली बघेल.) पॉइंट कसा घ्यायचा हे शिकवतात. तो कुणी, कधी, कशावरून घेतला आणि शेजारचा का घेतला नाही, हे शिकवत नाहीत.

मायकेल गुडचाइल्ड यांनी २००७ मध्ये माणसांना ‘सेन्सर’ म्हटलं, आणि ती उपमा आपल्या अभ्यासक्रमांनी फारच शब्दशः घेतली असं मला वाटतं. खरं तर त्याच लेखात त्यांनी इंटरनेट कुणाकडे आहे आणि कुणाकडे नाही, हा प्रश्नही मांडला होता. तापमापक जिथे लावाल तिथलं तापमान सांगतो. कुठे लागायचं हे तो ठरवत नाही. माणूस ठरवतो. तो आधी स्वतःची गल्ली काढतो, मग कॉलेज, मग कॅफे.

याने बिघडतं काय? समजा तुम्ही प्राथमिक आरोग्य केंद्रापासून वस्त्यांचं अंतर काढताय. डोंगरापलीकडची वाडी नकाशावर नसेल, तर ती ‘केंद्रापासून दूर’ या यादीत येतच नाही. ती हिशेबातूनच गळते. सरासरी अंतर कमी दिसतं, नकाशा छान हिरवा दिसतो, आणि जिथे सोय सगळ्यात कमी तिथेच तुमचा निष्कर्ष चुकतो. लोकांनी भरलेल्या डेटात रिकामी जागा म्हणजे ‘काही नाही’ असं नसतं. कित्येकदा तिचा अर्थ ‘अजून कुणी पाहिलं नाही’ एवढाच असतो. सॉफ्टवेअरला हा फरक कळत नाही.

उपाय महागडा नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरच्या प्रत्येक घराचा, रस्त्याचा इतिहास कुणालाही उघडून बघता येतो: कितवी आवृत्ती, कोणती तारीख, कोणतं खातं. सहलीला निघायच्या आधी वीस नोंदींचा इतिहास वाचून घ्यायला काय हरकत आहे? आणि तिथे गेल्यावर एक दिवस तरी नकाशावर कोऱ्या दिसणाऱ्या चौकोनात घालवावा.

तुमच्या प्रस्तावात ते सहा मीटरचं वाक्य असेल, तर ते काढा. त्याऐवजी तुमच्या तालुक्यातल्या किती नोंदी चित्रावरून केलेल्या आहेत आणि किती जागेवर जाऊन, ते मोजून लिहा. एखादी दुपार जाईल. स्रोताचा रकाना बऱ्याच ठिकाणी कोरा निघेल. तो आकडाही लिहा.