टाक्यांचा खरेपणा

ऐतिहासिक नाटकाचे परीक्षण लिहिताना आपले समीक्षक वेशभूषेसाठी एक वाक्य राखून ठेवतात: ‘वेशभूषा प्रसंगोचित होती.’ एवढे म्हटले की कर्तव्य संपले. सदऱ्याची बाही कोठे जोडली, कापड कोणत्या विणीचे, शिवण कोणत्या धाग्याची, हे प्रश्न शिंप्याचे. रसिकाला त्यांच्याशी काय कर्तव्य, अशी आपली एक शिष्टसंमत समजूत आहे. ती समजूत घटकाभर खुंटीला अडकवून एका अशा कलेचा विचार येथे करावयाचा आहे, की जिच्यात नाटक नावापुरते आहे आणि वेश हेच सर्वस्व आहे.

युरोपात आणि अमेरिकेत एरवी कचेरीत किंवा शाळेत नोकरी करणारी असंख्य माणसे सुटीच्या दिवसांत हजार वर्षांपूर्वीचे कपडे अंगावर चढवून माळावर तंबू ठोकतात. कोणी व्हायकिंग होतो, कोणी चौदाव्या शतकातला धनुर्धारी. 1966 साली कॅलिफोर्नियातील बर्कली येथे एका घराच्या परसात अशीच एक मध्ययुगीन मेजवानी आणि खेळातल्या तलवारींची झुंज झाली आणि तिच्यातून एक मोठी संस्था उभी राहिली. इंग्लंडात ‘रेगिया अँग्लोरम’ ही संस्था 1986 मध्ये निघाली आणि तिने तर सभासदांच्या अंगावर काय असावे व काय असू नये याचे नियमच केले. या साऱ्याला तिकडे रीएनॅक्टमेंट म्हणतात. पोरखेळ म्हणून हसून सोडून द्यावे असे यात पुष्कळ आहे. पण त्या तंबूंत मधूनच कोणी एखादी बाई हाताने कातलेल्या लोकरीचा, हाताने विणलेला, हाताने शिवलेला एक साधा झगा घालून बसलेली असते, आणि तो झगा पाहिल्यावर हसू ओठांतच राहते. त्या झग्याचे मोल कसे करावयाचे, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे.

आधी खोट्याचा परिचय करून घेऊ. तो अधिक मनोरंजक असतो. व्हायकिंग म्हटला की आपल्या मुलाबाळांच्या डोळ्यांपुढेसुद्धा दोन शिंगांचे शिरस्त्राण उभे राहते. ही शिंगे ज्याने लोकप्रिय केली त्याचे नाव कार्ल एमिल डोप्लर. 1876 साली बायरॉइट येथे वाग्नेरच्या संगीतनाट्यमालिकेचा पहिला प्रयोग झाला, त्याची वेशभूषा या चित्रकाराची. त्याने काही पात्रांच्या मस्तकी शिंगे दिली आणि जगाने ती जी उचलली ती अजून खाली ठेवलेली नाहीत. (आपल्याकडे राजा रविवर्म्याने देवींना जी लुगडी नेसवली ती आता देवींची स्वतःचीच झाली आहेत, तसेच हे.) शिंगांची शिरस्त्राणे स्कँडिनेव्हियात मुळी नव्हतीच असे नाही. डेन्मार्कमध्ये वेक्सो येथे 1942 साली दलदलीतून तसली एक जोडी निघाली; पण ती कांस्ययुगातील, म्हणजे व्हायकिंगांच्या अठराएकशे वर्षे आधीची. खुद्द व्हायकिंग काळाचे बऱ्यापैकी संपूर्ण असे शिरस्त्राण नॉर्वेतील ग्येर्मुंडबू या शेतावर 1943 मध्ये तुकड्यांच्या रूपाने सापडले. ते दहाव्या शतकातले आहे. गोल टोपी, डोळ्यांभोवती चष्म्यासारखी लोखंडी चौकट, आणि शिंगे नाहीत. डोप्लरचे दिसायला अधिक रुबाबदार आहे हे कबूल केलेच पाहिजे, आणि गोम तेथेच आहे.

आजचा डोप्लर शिंगे वापरीत नाही. तो कातडे वापरतो. 2013 पासून दूरचित्रवाणीवर ‘व्हायकिंग्ज’ नावाची जी मालिका चालली तिच्यात काळ्या-तपकिरी कातड्याचे अंगरखे, पट्टे आणि बकले यांची अशी लयलूट आहे की ती माणसे समुद्रावरून आली की खाटीकखान्यातून असा संशय यावा. जोडे, म्याने, कमरपट्टे कातड्याचे होते; पण अंगभर कातड्याचे चिलखत घालून हिंडल्याचा पुरावा जवळजवळ नाही. आणि रंग? निळा, तांबडा, पिवळा, आणि दगडफुलाच्या जातीच्या शेवाळातून निघणारा जांभळा, हे रंग त्या काळच्या कापडांच्या तुकड्यांत रसायनशास्त्राने दाखवून दिलेले आहेत. त्यांचा निळा वोड नावाच्या झुडपातून येई. त्यातले रंगद्रव्य आणि आपल्या निळीतले रंगद्रव्य एकच. त्यांचा तांबडा आपल्या मंजिष्ठेच्या युरोपी बहिणीच्या मुळ्यांतून येई. तेव्हा सारे जुने जग चिखलाच्या रंगाचे होते, ही समजूत छायालेखकांची आहे, रंगाऱ्यांची नव्हे. रॉबर्ट एगर्सचा ‘द नॉर्थमन’ (2022) हा चित्रपट या बाबतीत कितीतरी सभ्य. त्याने नील प्राइस यांच्यासारख्या पुरातत्त्वज्ञाला सल्लागार नेमले आणि बऱ्याच ठिकाणी त्याचे ऐकलेही. तरी तेथेही अंधार जरा जास्तच आहे.

मग खरे ते कोठे मिळते? येथेच या कलेची मौज आणि तिची व्यथा एकवटली आहे. लोकर आणि लिनन मातीत कुजून जाते. स्वीडनमधील बिर्का या व्यापारी गावाच्या शेकडो थडग्यांतून हाती लागले ते कापड बहुतांशी बोटभर तुकड्यांचे. आणि तेही प्रामुख्याने जेथे पितळी-कांशाचे दागिने अंगावर होते तेथे. तांब्याचे क्षार जंतूंना मारतात, म्हणून ब्रोचच्या खाली दडलेला तेवढा पदर वाचला. आग्नेस गायर या विदुषीने 1938 साली या तुकड्यांवर जो ग्रंथ सिद्ध केला त्यावाचून आजही कोणाचे पान हलत नाही. म्हणजे बिर्काच्या बाईच्या छातीवर काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. तिच्या पोटरीवर काय होते हे नाही. खांद्यांवर दोन कासवाच्या पाठीसारखे ब्रोच लावून त्यांत अडकवलेला जो बिनबाह्यांचा झगा ती घाली, त्याचा पुढचा भाग उघडा की बंद, घेर किती, कळ्या किती, यावर विद्वान अजून भांडतात. हेडेबी या बंदरात याच्या उलट. तेथे गाळात कापडाचे मोठे मोठे तुकडे मिळाले. पण ते जुन्या कपड्यांच्या चिंध्या होत. खलाशांनी त्या डांबरात बुडवून जहाजांना लावण्यासाठी वापरल्या होत्या. राजाचा पोशाख मातीत गेला आणि फेकलेले फडके डांबरामुळे टिकले! त्या फडक्यांवर बाहीची गोलाई दिसते, शिवणीची खूण दिसते.

नॉर्वेत शोल्डेहाम्न येथे 1936 साली पीटमध्ये अकराव्या शतकातला एक अख्खा पोशाख मिळाला, डोक्यावरच्या टोपडीसकट. त्याच वर्षी स्वीडनमध्ये बोकस्टेन येथे चौदाव्या शतकातल्या एका पुरुषाचा. ग्रीनलंडमधील हेर्योल्फ्सनेसच्या दफनभूमीतून पाउल न्योर्लुंड यांनी 1921 मध्ये जे कपडे काढले ते पाहून तर आपल्याकडच्या शिंप्याने ओळखीचे हसावे: कापड फुकट जाऊ नये म्हणून सरळ तुकडे, आणि घेरासाठी मध्ये मध्ये घातलेल्या कळ्या.

या अशा तुकटपुंज्या सामग्रीतून संपूर्ण वस्त्र शिवणे म्हणजे अर्ध्या ओळीवरून कविता पुरी करणे होय. आणि कविता पुरी करणारे जे दोष करतात तेच येथेही दिसतात. पहिला दोष श्रीमंतीचा. थडगी बहुधा मातबरांची, त्यामुळे ज्याला त्याला मातबरच व्हावयाचे असते. माळावर दोनशे माणसे जमली तर त्यांत सरदार एकशे ऐंशी, आणि डुकरे राखायला कोणी नाही. दुसरा दोष गोधडीचा. टोपी बिर्काची, रुमाल डब्लिनचा, भरतकाम डेन्मार्कचे, पट्ट्यावरची बकले मग्यारांची. प्रत्येक वस्तू खरी, प्रत्येकीला पुरावा, आणि एकत्र केली की माणूस खोटा. कारण या वस्तूंमध्ये समुद्र आहेत आणि दीडदीडशे वर्षे आहेत. आपल्या ऐतिहासिक कादंबरीकारांना हा दोष समजावून सांगण्याची गरज नाही. तिसरा दोष अधिक फसवा: ‘त्यांना मिळाले असते तर त्यांनी वापरले असते.’ या एका वाक्यावर मखमलीपासून चष्म्यापर्यंत काहीही खपवता येते.

पण अचूकतेच्या नावाखालीही खोटे शिरते, याचे माझे आवडते उदाहरण व्हायकिंगांचे नव्हे, त्यांच्या नॉर्मन नातवंडांचे आहे. बायोच्या सुप्रसिद्ध भरतपटाची, म्हणजे लिननच्या सुमारे 70 मीटर पट्टीवर लोकरीने भरलेल्या 1066 च्या स्वारीची, एक हुबेहूब प्रत इंग्लंडातील लीक गावच्या पस्तीस स्त्रियांनी 1885-86 मध्ये भरली. प्रमुख एलिझाबेथ वॉर्डल. लोकर रंगवली ती तिचे पती टॉमस यांच्या रंगशाळेत. हे टॉमस वॉर्डल म्हणजे आपल्या टसर रेशमाचा ध्यास घेतलेले गृहस्थ; हिंदुस्थानातील रानरेशमांवर त्यांनी पुस्तकच लिहिले. रंग उत्तम, टाका उत्तम, आकृतींची हालचाल जिवंत. फक्त मूळ पटाच्या काठावर जी एक नागडी आकृती आहे तिला या प्रतीत चड्डी आहे! बायकांचा त्यात दोष नाही. त्यांना नकलेसाठी मिळालेल्या संग्रहालयाच्या छायाचित्रांतच कोणी शालीन हाताने ती चढवली होती. त्यांनी समोर दिसले ते इमानाने भरले. रेडिंगच्या संग्रहालयात ती प्रत आजही आहे आणि मला ती फार आवडते. अकराव्या शतकाइतकेच एकोणिसावे शतकही तिच्यात उमटले आहे.

आता त्या झग्याकडे वळू. एक चौरस मीटर लोकरी कापड घ्या. सेंटिमीटरला दहा धागे ताण्याचे, दहा बाण्याचे. म्हणजे हजार मीटर ताणा आणि हजार मीटर बाणा. एका अंगरख्याला असे तीन चौरस मीटर कापड धरले तर सहा हजार मीटर, म्हणजे सहा किलोमीटर सूत झाले. सरावलेली स्त्री टकळीवर तासाला चाळीसएक मीटर कातते. हिशेब करा: नुसत्या कताईचे दीडशे तास. लोकर कातरणे, निवडणे, विंचरणे वेगळे. माग लावणे, विणणे वेगळे. रंगवणे, शिवणे वेगळे. एका माणसाच्या एका अंगरख्याची ही कथा. आणि त्यांच्या जहाजांची शिडेसुद्धा लोकरीचीच असत. व्हायकिंगांच्या धाडी, त्यांचे दर्यावर्दीपण, त्यांची लूट यांवर ग्रंथांचे ढीग पडले. ती शिडे कोणी कातली, हा प्रश्न त्या ढिगांत फार उशिरा विचारला गेला. डेन्मार्कमध्ये लायर येथे 1964 पासून जुनी कामे जुन्या हत्यारांनी करून पाहण्याचे जे केंद्र चालले आहे, तेथे टकळी हातात घेतल्यावर तो विचारावाच लागला. हौशी मंडळींपैकी ज्या बायका ही सहा किलोमीटरची वाट खरोखर चालतात त्यांच्या कपड्यात एक गोष्ट आपोआप येते: त्या कापड वाया घालवीत नाहीत. गिरणीच्या कापडातून कळ्या बेतणारा कात्री मोकळी सोडतो. स्वतः कातलेल्या कापडाला कात्री लावताना हात थांबतो आणि बेतणे बदलते. ग्रीनलंडचे ते सरळ तुकडे तेव्हा डोळ्यांनी नव्हे, बोटांनी कळतात. हे समीक्षकाला ग्रंथालयात बसून मिळाले नसते.

प्रत्येकाला हे जमत नाही आणि जमावे असा आग्रहही बरा नव्हे. कड्याकड्यांचे चिलखत हवे, तर हजारो कडी एकात एक ओवून प्रत्येक कडीला बारीक रिवेट ठोकावा लागतो. हे काम आज मोठ्या प्रमाणावर आपल्या देशात होते. डेहराडूनच्या कारखान्यांतून तलवारी जातात, उत्तर हिंदुस्थानातल्या कारागिरांच्या हातची कडी-चिलखते युरोपच्या माळांवर लढतात. गंमत अशी की हौशी लोक शिवणीच्या टाक्यावरून एकमेकांना धारेवर धरतात, आणि त्या कड्या कोणी ठोकल्या याची विचारपूस सहसा करीत नाहीत. ज्या छंदाने शिडाच्या कातणारणीला शोधून काढले त्याला हे शोभत नाही.

ही अचूकता नुसती हौसेची बाब राहिलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. गोऱ्या वंशाच्या शुद्धतेचा डंका पिटणारे लोक व्हायकिंगांना आपले पूर्वज म्हणून मिरवीत आले. नाझींनी ते केले, आजही करणारे आहेत. त्यांना सर्वांत चोख उत्तर कापडाने दिले आहे. नॉर्वेतील ओसेबर्गच्या जहाजात 834 साली दोन स्त्रियांना पुरले. 1904-05 च्या उत्खननात तेथे रेशमाचे शंभरावर तुकडे मिळाले आणि त्यांतले बरेचसे पूर्वेकडून, बायझंटाइन व त्यापलीकडच्या मागांवरून, आलेले. ‘शुद्ध’ उत्तरेच्या काठाला परदेशी रेशीम! पण येथेही उतावीळपणा नको. 2017 साली बिर्काच्या एका किनारीत ‘अल्ला’ ही अक्षरे असल्याचा दावा स्वीडनमधून झाला आणि जगभर गाजला. मग विणकामाच्या जाणकारांनी दाखवून दिले की ती अक्षरे पुरी व्हायला किनार हाती आहे त्याहून रुंद असावी लागेल. उरलेली रुंदी कल्पनेतली. हेतू चांगला असला म्हणून धागे वाढत नाहीत.

चांगल्या कामाचा नमुना म्हणून मी मामेनच्या पोशाखाकडे बोट दाखवीन. 1868 साली डेन्मार्कमध्ये एका शेतकऱ्याने टेकाड उकरले आणि आतून 970-71 च्या हिवाळ्यात पुरलेला एक बडा माणूस निघाला, भरतकाम केलेल्या लोकरी वस्त्रांसह. गावकऱ्यांनी वस्तू आपसांत वाटून घेतल्या. त्या मागाहून गोळा कराव्या लागल्या. पुढे त्याची हाडेच संग्रहालयात हरवली. शंभराहून अधिक वर्षांनी ती भलत्याच नावाच्या पेटीत सापडली आणि 2021 मध्ये ओळख पटली. हाडांबरोबर घोट्याजवळच्या कापडाचे अवशेष होते, आणि त्यावरून हा गृहस्थ घोट्यापर्यंत लांब विजार घालीत असावा असे दिसले. कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयाने आणि लायरच्या कारागिरांनी मिळून त्याचा पोशाख अलीकडे पुन्हा सिद्ध केला. मला त्यात भावते ते भरतकाम नव्हे. जेथे पुरावा आहे तेथे धागे मोजून केले आहे आणि जेथे नाही तेथे ‘हे आम्ही ठरवले’ असे स्वच्छ सांगितले आहे, हे भावते. आधीच्या पिढीतही याच पोशाखाची एक नवनिर्मिती झाली होती. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या तर एकाच कवितेच्या दोन जाणत्या टीकाकारांनी लावलेले दोन अर्थ वाचल्याचा आनंद मिळतो.

ओसेबर्गच्या त्या जहाजात रेशमाखेरीज आणखी एक वस्तू होती. फळ्यांवर काठ विणण्याचा एक लहान माग. चौकोनी, कोपऱ्यांत भोके पाडलेल्या पातळ फळ्या असतात. त्या फिरवीत गेले की धाग्यांना पीळ पडून नक्षीची पट्टी उमटते. आजच्या हौशी बायका हेच तंत्र सर्वांत आधी शिकतात, कारण त्याला माग विकत घ्यावा लागत नाही. पुठ्ठ्याचे चौकोन कापले तरी चालतात. त्यांच्या फळ्या बहुधा वीस-पंचवीस असतात. ओसेबर्गच्या मागावर 52 होत्या. धागे अजून भोकांत ओवलेले होते, आणि पट्टी अर्धवट विणलेली होती.