शिष्यवृत्तीचे पोर आणि यादीबाहेरची वाडी

सावंतवाडी तालुक्यात सांगेली येथे जवाहर नवोदय विद्यालय आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पाचवीची मुले दर वर्षी त्याच्या निवड चाचणीला बसतात आणि त्यांतून जास्तीत जास्त ८० मुले सहावीत घेतली जातात. निकाल लागतो. मालवण, वेंगुर्ले, देवगडच्या किनाऱ्यावरच्या एखाद्या बौद्धवाडीतल्या पोराचे नाव त्या यादीत येते. मग समाजमंदिरात सभा भरते. बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जातो, पोराला शाल दिली जाते, मुंबई मंडळाकडून पाकीट येते. भाषण करणारा प्रत्येक जण पोराने वाडीचे नाव काढले असे सांगतो. काही आठवड्यांनी ते पोर पत्र्याची ट्रंक घेऊन वसतिगृहात जाते. वाडीत त्याच्याच वयाची जी पोरे उरतात त्यांच्याविषयी त्या सभेत कोणी एक शब्द बोलत नाही.

हा सत्कार चुकीचा आहे असे मला म्हणायचे नाही. ज्यांच्या आजोबांना शाळेच्या व्हरांड्यात बसवले गेले, त्यांच्या नातवाचे नाव यादीत आल्यावर डोळ्यांत पाणी येणारच. परंतु ‘हुशार पोर’ ही प्रतिमा आपल्या चळवळीने आणि आपल्या साहित्याने फारशी न तपासता स्वीकारली आहे, आणि ती तपासण्याची वेळ आली आहे. स्पर्धा परीक्षेच्या बळावर दहाव्या वर्षी माध्यमिक शाळेचे दार उघडून घेणे ही आपल्या मुक्तीची वाट आहे की व्यवस्थेने आपल्यासाठी ठेवलेली खिडकी आहे, हा प्रश्न आहे.

प्रथम ही खिडकी कशी आहे ते पाहू. नवोदयाची चाचणी २ तासांची, ८० प्रश्नांची आणि १०० गुणांची असते. त्यांतले ४० प्रश्न आणि ५० गुण बौद्धिक क्षमतेचे. आकृत्यांच्या मालिका, आरशातली प्रतिमा, गटात न बसणारी आकृती असा तो मामला. उरलेले निम्मे गुण अंकगणिताला आणि भाषेला. मुलाला जन्मात एकदाच बसता येते. कागदावर पाहिले तर यात जात कोठेच नाही. आरशातल्या त्रिकोणाला कसली आली जात? पण अशा आकृत्या ज्या पोराने सहा महिने रोज सोडवल्या आहेत आणि ज्याने त्या परीक्षेच्या दिवशीच प्रथम पाहिल्या, ती दोन पोरे एका रेषेवर उभी नसतात. सरावाच्या प्रश्नपत्रिकांना पैसे लागतात, त्याहून अधिक लागतो तो घरात बसून समजावून देणारा माणूस. भाषेचे उतारे प्रमाण मराठीत असतात. मालवणी सगळ्याच जातींच्या घरांत बोलली जाते हे खरे. पण गुरुजीच्या, कारकुनाच्या घरातले पोर दोन्ही बोली घेऊन वाढते आणि चिरेखाणीवर जाणाऱ्याचा झील एकच घेऊन परीक्षेला जातो.

राखीव जागांचा नियमही नीट समजून घ्यावा. नवोदयात अनुसूचित जाती-जमातींच्या जागा जिल्ह्यातील त्यांच्या लोकसंख्येच्या प्रमाणात असतात, मात्र त्या राष्ट्रीय प्रमाणापेक्षा, म्हणजे अनुसूचित जातींसाठी शेकडा १५ आणि जमातींसाठी शेकडा साडेसातपेक्षा, कमी असू शकत नाहीत. सिंधुदुर्गात अनुसूचित जातींचे प्रमाण याच्या निम्म्याहून कमी आहे. तेव्हा ८० तल्या किमान १२ जागा आपल्या वाट्याला येतात, आणि हा लाभ लहान नाही. या १२ जागांवर कोण बसते, हे विचारायला मात्र आपल्यालाच धैर्य पाहिजे. आपल्यातलेच जे एक पिढी आधी शिक्षक झाले, बँकेत गेले, त्यांची पोरे तेथे बहुसंख्येने दिसत असतील तर त्यात त्या पोरांचा दोष नाही. आणि यावरून आरक्षणाला उत्पन्नाची कात्री लावा असा अर्थ कोणी काढू नये; तो काढायला टपून बसलेले बरेच आहेत. मुद्दा एवढाच की राखीव जागेच्या आतही स्पर्धा तीच राहते आणि तिचे नियमही तेच राहतात.

या गोष्टीचे निदान फार पूर्वी झाले आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी शिष्यवृत्त्यांचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला होता. स्पर्धेने शिष्यवृत्ती देण्याची पद्धत तत्त्वतः न्यायाची वाटली तरी तिच्यामुळे शिक्षण इतर वर्गांत पसरत नाही, म्हणून ज्या वर्गांत शिक्षण पोचलेच नाही त्यांच्यासाठी काही शिष्यवृत्त्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. वरच्यांना शिकवा म्हणजे विद्या आपोआप खाली झिरपेल, या कल्पनेवर त्याच निवेदनात त्यांनी घाव घातला. वेगळ्या शिष्यवृत्त्यांची त्यांची मागणी पुढे राखीव जागांच्या रूपाने आपण मिळवली. झिरपण्याची कल्पना मात्र आपणच घरात घेतली. एक पोर वर गेले की ते वाडीला वर ओढील, असे आपण समाजमंदिरात म्हणतो तेव्हा आपण फुल्यांच्या बाजूने बोलत नसतो.

आणखी मागे गेले तर १८५६ चे धारवाड लागते. एका महार मुलाने तेथील सरकारी शाळेत प्रवेश मागितला आणि मुंबई सरकारने तो नाकारला. एकट्या मुलासाठी सबंध शाळा इतरांना निरुपयोगी होऊ देणे बरोबर नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. तेव्हा ‘एकटा’ हे नाकारण्याचे कारण होते. आज एकट्याला घेतले जाते आणि त्याच्या घेण्याने बाकीच्यांचा प्रश्न सुटला असे धरले जाते. या दोन्ही हिशेबांत वाडी बाहेरच राहते.

आता याच किनाऱ्यावरच्या एका माणसाकडे येऊ. वेंगुर्ले तालुक्यातील केळुस हे कृष्णाजी अर्जुन केळुसकरांचे गाव. १८६० मध्ये तेथे जन्मलेला मराठा समाजातला हा माणूस मुंबईत शिक्षक झाला, त्याने तुकारामाचे, शिवाजीचे आणि बुद्धाचे चरित्र लिहिले. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणारा एक विद्यार्थी त्यांच्या नजरेत भरला. १९०७ मध्ये तो विद्यार्थी मॅट्रिक झाला तेव्हा सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली आणि केळुसकरांनी आपले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. पुढे कॉलेजच्या शिक्षणासाठी पैसा उरला नाही, तेव्हा केळुसकरच त्याला सयाजीराव गायकवाडांकडे घेऊन गेले आणि महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. ही कथा आपल्या प्रत्येक सभेत सांगितली जाते. त्यातला एक आकडा मात्र फारसा सांगितला जात नाही. भीमराव आंबेडकरांना मॅट्रिकला ७५० पैकी २८२ गुण होते.

शेकडा ३८ सुद्धा भरत नाहीत. आजच्या कोणत्याही प्रज्ञाशोध परीक्षेच्या, कोणत्याही गुणवत्ता यादीच्या चाळणीत हा विद्यार्थी टिकला नसता. संस्कृत शिकण्याची वाट त्याला जातीमुळे बंद होती, म्हणून फार्सी घ्यावी लागली. परळच्या चाळीतल्या एका खोलीत अभ्यास करावा लागला. त्या २८२ गुणांच्या मागे जे उभे होते ते केळुसकरांनी पाहिले, कारण त्यांनी गुणपत्रिका पाहिली नव्हती, तर वाचणारे पोर पाहिले होते. बाबासाहेबांचे उदाहरण देऊन आपण पोरांना यादीत येण्याचा उपदेश करतो, तेव्हा खुद्द बाबासाहेब यादीने निवडलेले नव्हते हे विसरतो. केळुसच्या माणसाचे हे काम जिल्ह्याने नीट वाचलेले नाही असे मला वाटते.

पुढे बाबासाहेबांच्या हाती जेव्हा निवडण्याची सत्ता आली तेव्हा त्यांनी काय केले? १९२५ मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापूरला वसतिगृह उघडले. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी निघाली आणि १९५० मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू झाले. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतून जी पोरे तेथे आली ती गुणांची रास घेऊन आली नव्हती. कोणी दोनदा नापास झालेले, कोणी वयाने मोठे. त्यांना राहायला जागा, वाचायला पुस्तके आणि बोलायला सोबती मिळाले आणि त्या आवारातून मराठी साहित्याची एक सबंध पिढी उभी राहिली. प्र. ई. सोनकांबळ्यांचे ‘आठवणींचे पक्षी’ वाचताना हे कळते की पोरक्या पोराला आधी भाकरी आणि अंथरूण लागते, बुद्धीची परीक्षा नंतर घेता येते.

त्याच औरंगाबादेत शासकीय विद्यानिकेतन आहे. १९६६ मध्ये शिक्षणमंत्री मधुकरराव चौधरी यांच्या काळात विद्यानिकेतने निघाली; पुसेगाव, अमरावती येथेही ती आहेत. चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेतून ग्रामीण भागातील हुशार मुले वेचावीत आणि त्यांना पाचवीपासून उत्तम निवासी शिक्षण द्यावे ही ती कल्पना. हेतू प्रामाणिक होता आणि अनेक गरिबांची पोरे त्यातून मोठी झाली. नवोदय हे त्याच कल्पनेचे देशव्यापी रूप. पहिली दोन विद्यालये झज्जर आणि आपल्या अमरावतीला निघाली आणि १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती जिल्ह्याजिल्ह्यात नेली. मिलिंद आणि विद्यानिकेतन या दोन दिशा आहेत. एकीने आलेल्याला घडवले, दुसरीने घडलेल्याला निवडले. आपल्या चळवळीचे मन हळूहळू पहिलीकडून दुसरीकडे सरकले, त्याची कोठे नोंदही झाली नाही.

हे सरकणे कोकणात अधिक तीव्रतेने दिसते, आणि त्याचे कारण आहे. २०१२ पासून कोकण विभागीय मंडळाचा निकाल स्वतंत्र लागतो आणि दहावीत ते राज्यात सतत पहिले येते. येथे नापास होणारे पोर शोधावे लागते. सगळेच पास होऊ लागले की पास होण्याची किंमत उतरते. मग चाळणी अलीकडे आणली जाते, दहावीवरून आठवीवर, आठवीवरून पाचवीवर. शिष्यवृत्ती परीक्षा, खाजगी प्रज्ञाशोध परीक्षा, नवोदय, आठवीची राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक परीक्षा अशी रांगच आहे. (या शेवटच्या परीक्षेतून नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात आणि पालकांच्या उत्पन्नाची अट असते, म्हणून ती त्यातल्या त्यात माणुसकीची.) दहा वर्षांच्या पोराला आपण हुशार की ढ हे छापील यादीवरून कळते. ढ ठरलेले पोर काय करते? ते पुढेही शाळेत जाते, दहावी पासही होते, पण त्याच्याकडून कोणी काही मागत नाही. ही अपेक्षा काढून घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. पूर्वी ती जन्मावरून काढून घेतली जात असे.

साहित्याकडे वळतो. दलित आत्मकथने आली तेव्हा प्रस्थापित समीक्षेने त्यांत यशाची कथा वाचली: चिखलातून वर आलेल्या माणसाची कहाणी. आपण त्या वाचनाला विरोध केला, पण गावोगाव व्याख्यानांत तेच वाचन करत राहिलो. वास्तविक ही पुस्तके त्या वाचनात मावत नाहीत. ‘बलुतं’ मध्ये शिकलेला दया पवार आणि मागे राहिलेला दगडू समोरासमोर बसतात. शिक्षणाने माणूस वर नेला की दोन तुकड्यांत फाडला, हा त्या पुस्तकाचा प्रश्न आहे. शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या फणसवळ्याची उर्मिला पवार ‘आयदान’ मध्ये जी शाळकरी मुलगी उभी करते ती पहिला नंबर काढणारी नाही. शाळेला धाक खाणारी ती मुलगी टिकते, कारण बांबूची आयदाने विणणारी आई गुरुजीला जाब विचारते. शाळेचे दार तेथे बुद्धीने उघडले नाही, आईच्या तोंडाने उघडले. आपल्या व्याख्यात्यांना हा प्रसंग पाठ असायला हवा.

तरी एक मर्यादा मान्य करावी लागेल. आत्मकथन हा प्रकारच मुळात बाहेर पडलेल्याचा आहे. जो यादीत आला त्याने लिहिले. जो राहिला त्याचे आयुष्य बाहेर पडलेल्याच्या आठवणीत चार ओळींपुरते येते. अण्णा भाऊ साठे शाळेत दीड दिवस गेले असे सांगतात. त्यांनी १९५८ मध्ये पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन केले आणि यादीबाहेरच्या माणसांना कादंबरीचे नायक केले. ती वाट आपण पुरेशी चाललो नाही. नवोदयात गेलेल्या चेडवाचा धाकटा भाऊ, जो सुटीत घरी आलेल्या बहिणीचे बोलणे ऐकून गप्प होतो, त्याची कथा मालवणच्या किनाऱ्यावर कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

‘मग पोरांना परीक्षेला बसवायचे नाही का?’ असे कार्यकर्ते विचारतील. बसवायचे. नवोदयात जेवण, राहणे, शिक्षण मोफत आहे, एक तृतीयांश जागा मुलींना आहेत आणि वेगवेगळ्या जातींची पोरे एका पंगतीला बसतात. गावात हे अजून सगळीकडे साधलेले नाही. ती जागा सोडून देणे हा शुद्ध वेडेपणा होईल. पण शिकवणीचा वर्ग घ्यायचा तर तो चार निवडक पोरांचा घेऊ नये. गुरुजी ‘यात दम आहे’ म्हणून ज्यांना वेगळे बसवतात त्यांतच निम्मी निवड होऊन गेलेली असते. तिसरीपासूनच्या सगळ्या पोरांना आकृत्या आणि उतारे सोडवायला द्यावेत. कोणी निवडले जावो न जावो, त्यांना वाचता येईल. आणि गावची शाळा राखावी. २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या राज्यातील १३१४ शाळा बंद करण्याचा निर्णय झाला तेव्हा कोकणातल्या वाड्यांना त्याची झळ कशी लागते ते दिसले. पट कमी होण्याची कारणे मुंबईत आहेत, इंग्रजी माध्यमाच्या गाडीत आहेत. पण ‘आपले हुशार पोर तर गेले’ या समाधानात आपण त्या शाळेसाठी भांडलो नाही, हेही खरे.

सत्काराची सभा घ्यावीच. तीत यादीतल्या एका नावाबरोबर वाडीतल्या सहा ते चौदा वर्षांच्या सगळ्या पोरांची नावे वाचावीत. कोण कितवीत आहे, कोणाला उतारा वाचता येत नाही, कोण शनिवारी शाळा चुकवून खाणीवर किंवा मासळीच्या कामाला जाऊ लागले आहे, हे त्यांच्या आईबापांसमोर आणि मुंबईहून आलेल्या मंडळींसमोर सांगावे, आणि पाकिटातले पैसे कोणत्या पोरावर खर्च करायचे ते त्याच सभेत ठरवावे.