कान्सन हिमकाळ : नाव राहिले, आधार गेला

हिमयुगावरील जुन्या पुस्तकांत आणि त्यांवरून उतरवलेल्या टिपणांत एक तक्ता हमखास आढळतो. उत्तर अमेरिकेत चार हिमकाळ होऊन गेले : नेब्रास्कन, कान्सन, इलिनॉयन आणि विस्कॉन्सिन. पाठांतराला सोपा आणि रिकाम्या जागा भरायला सोयीचा असा हा तक्ता आहे. आमची तक्रार याच तक्त्याविषयी आहे.

ही चारही नावे अमेरिकेतील राज्यांवरून आली आहेत. कान्सस राज्याचा रहिवासी तो 'कान्सन', आणि बर्फाने मागे टाकलेला एक थर व तो साचला तो काळ, तोही 'कान्सन'. प्रदेशवाचक विशेषणाची अशी शास्त्रीय संज्ञा होणे आपल्याला नवे नाही. संस्कृत काव्यशास्त्रात 'वैदर्भी' रीती आहे. तिच्याविषयी वामनाने केलेला खुलासा मार्मिक आहे : ही रीती विदर्भात आढळली म्हणून तिला हे नाव, त्या भूमीमुळे काव्यात काही भर पडते म्हणून नव्हे. भूविज्ञानातही नाव एवढेच सांगते, की ही गोष्ट प्रथम कोठे ओळखली. ती किती जुनी आणि कितव्यांदा घडलेली, हे पुराव्यानेच ठरवावे लागते. तक्ता मात्र नावालाच पुरावा समजून चालतो.

'कान्सन' हे नाव टी. सी. चेंबरलिन यांनी १८९४ च्या सुमारास रूढ केले. 'नेब्रास्कन' हे बोहुमिल शिमेक यांनी १९०९ मध्ये सुचवले. त्यामागील तर्क सरळ होता. हिमस्तर वितळला की दगडगोटे, वाळू आणि चिकणमाती यांची सरमिसळ मागे उरते. असे दोन थर एकावर एक असून मध्ये झिजलेल्या जुन्या मातीचा पट्टा असेल, तर बर्फ आला, गेला आणि पुन्हा आला असे म्हणता येते. एका ठिकाणापुरते हे बरोबरच आहे. अडचण पुढे येते. शंभर मैलांवर असेच दोन थर सापडले, तर ते हेच कशावरून? दिसायला हे थर बहुधा सारखेच असतात. तरीही वरचा तो कान्सन आणि खालचा तो नेब्रास्कन, असे मानण्याचा प्रघात पडला.

या जुळवणीला ज्वालामुखीच्या राखेचा आधार घेतला जाई. 'पर्लेट' नावाची ही राख एकाच उद्रेकातली आहे असे समजत. १९७० च्या दशकातील तपासणीत ती यलोस्टोनच्या तीन निरनिराळ्या उद्रेकांची निघाली. त्यांची वये सुमारे २१ लाख, १३ लाख आणि ६ लाख ३० हजार वर्षे! १९७८ मध्ये जॉन बोएलस्टॉर्फ यांनी दाखवून दिले, की काही ठिकाणचा 'नेब्रास्कन' थर दुसरीकडच्या 'कान्सन' थराहून अलीकडचा आहे, आणि थरही दोनांहून जास्त आहेत. १९८० च्या दशकात ही दोन्ही नावे मागे पडली. आता त्या साऱ्या थरांना नुसते 'इलिनॉयनपूर्व' म्हणतात. इलिनॉयन आणि विस्कॉन्सिन ही नावे अजून वापरात आहेत.

मग हिमकाळ झाले तरी किती? याचे उत्तर समुद्रतळाने दिले. तेथील सूक्ष्म जीवांच्या कवचांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांचे प्रमाण बर्फाच्या साठ्यानुसार बदलते. चेझारे एमिलियानी यांनी १९५५ मध्ये ते वाचायला आरंभ केला. आज गेल्या २६ लाख वर्षांत थंड-उबदार अशी सुमारे पन्नास आवर्तने मोजली गेली आहेत. जमिनीवर ती दिसली नाहीत, कारण पुढचा हिमस्तर मागच्याच्या खुणा खरवडून नेतो. समुद्रतळाशी गाळ शांतपणे थरावर थर साचत राहतो.

चार हा आकडा मनात एवढा का रुजला? पेंक आणि ब्रूकनर यांनी १९०९ पर्यंत आल्प्समध्ये गुंझ, मिंडेल, रिस, वुर्म असे चार हिमकाळ मांडले होते. इकडे चार, तिकडे चार. एकाने दुसऱ्याला बळ दिले. डी टेरा आणि पॅटरसन यांनी १९३९ मध्ये काश्मीरमध्येही चारच मांडले. साचा हाती असला की माती त्यात बसवली जाते, ती अशी.

जुन्या संशोधकांना आम्ही दोष देत नाही. हाती असलेल्या पुराव्यावर त्यांनी उभारलेली मांडणी तर्काला धरून होती. दोष आहे तो पुरावा गाळून नावे तेवढी पुढे पोचवणाऱ्या तक्त्याचा.

शिक्षकांनी हा तक्ता फाडून टाकू नये, फळ्यावर जरूर काढावा. पाटी चार वेळा लिहून चार वेळा पुसावी आणि किती वेळा लिहिले ते नुसत्या पाटीवरून ओळखायला मुलांना सांगावे. 'चार हिमकाळांची नावे लिहा' या प्रश्नाऐवजी 'जमिनीवर चारच का मोजले गेले?' असा प्रश्न घालावा. पहिल्याला पाठांतर पुरते; दुसऱ्यासाठी विचार करावा लागतो.