एक 'आर' कमी

वसतिगृहातून मी वडिलांना पाठवलेली पत्रे परत येत. पैसे मागितलेल्या ओळीला उत्तर नसे, पण तिच्यातला ऱ्हस्व-दीर्घ तांबड्या शाईने सुधारलेला असे. साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ चे ४, असे अठराही नियम त्यांना तोंडपाठ. अशा घरात वाढलेल्या माणसाच्या हाती लिंटर पडला, की दुसरे काय होणार?

लिंटर म्हणजे प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून त्यातल्या खोड्या काढणारा प्रोग्राम. पहिला 'लिंट' स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ साली बेल लॅब्जमध्ये लिहिला. नाव कपड्याला चिकटणाऱ्या बारीक तंतूंवरून. त्या बिचाऱ्याला स्पेलिंगशी कर्तव्य नव्हते; आताच्यांना शब्दांची यादी दिली की ते अडून बसतात.

उपयोग आहे, नाही असं नाही. आमच्या ऑफिसात 'कलर' निम्मे लोक 'यू' घालून लिहीत, निम्मे गाळून. कंपायलर काही बोलत नाही. दोन वेगळ्या वस्तू समजून पुढे जातो. शोधायला जावं तर निम्मेच रंग सापडायचे. लिंटरने एका दुपारी हा घोळ निस्तरला. मी इतका खूष झालो, की आपोआप दुरुस्तीची सोयही चालू करून टाकली.

दोन दिवसांनी आमच्यातला सर्वांत धाकटा मुलगा टेबलाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "सर, परवापासून आपल्या साइटवर लोक येतायत, पण कुठूनच येत नाहीयेत."

आता पाहा. आपण कुठल्या पानावरून आलो, हे ब्राउझर ज्या मथळ्याखाली कळवतो तो शब्द 'रेफरर'. इंग्रजीत त्याच्या मध्ये दोन 'आर' लागतात. १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात एकच आहे. चूक तशीच राहिली आणि जगभरचे ब्राउझर आजही इमानाने तीच पाठवतात. पुढे 'रेफरर-पॉलिसी' आली, तिच्यात मात्र दोन 'आर'! बाप अशुद्ध, मुलगी शुद्ध. आमच्या लिंटरने बापालाही शुद्ध केले. तेव्हापासून आमचा प्रोग्राम कुणीच पाठवत नसलेल्या मथळ्याची वाट पाहत बसला होता.

माझी तक्रार यादीवर नाही. आपल्या घरातल्या नावांना खुशाल शिस्त लावावी. पण शेजाऱ्याने दारावर 'जोशी'चे 'जोशि' लिहिले असेल, तर पत्रावर तेच घालावे लागते, नाहीतर पत्र पोचत नाही. घरचे कुठले आणि शेजारचे कुठले, हे लिंटरला कळत नाही. ते माणसाने सांगायचे. आणि आपोआप दुरुस्ती चालू केलेला माणूस सांगायला जागेवर नसतो.

मग मी अपवादांची यादी केली. पहिल्याच शब्दापुढे इंग्रजीत टीप लिहिली : 'हे स्पेलिंग चुकीचे आहे. कृपया दुरुस्त करू नये.'

लिंटरने लगेच अडवले. 'स्पेलिंग'मध्ये मी एक 'एल' खाल्ला होता.